जुन्या गस्ती विमानाचे पुढचे आयुष्य पंखाच्या मुळाशी ठरते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या वडिलांची रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला मासेमारी नौका आहे आणि दोन प्रॉपेलरांचे डॉर्नियर हे गस्ती विमान समुद्रावर घिरट्या घालताना तुम्ही लहानपणापासून पाहत आला आहात. नौदलाने आपल्या २५ डॉर्नियर विमानांच्या आधुनिकीकरणासाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सशी मार्च २०२४ मध्ये २,८९० कोटी रुपयांचा करार केला, हे वाचल्यावर तुम्हाला पडलेले प्रश्न तीन. इतक्या जुन्या विमानांवर एवढा खर्च करण्यापेक्षा नवी विमाने का घेत नाहीत? जुने विमान नवे करतात म्हणजे नेमके काय करतात? आणि वडिलांनी विचारायला सांगितलेला तिसरा प्रश्न: हे विमान एकदा नौकेवरून गेल्यावर पुन्हा वळून खाली का येते?

माझी नोकरीची बहुतेक वर्षे गोव्यातील दाबोळीच्या नौदल तळावर विमानांच्या सांगाड्याच्या देखभालीत गेली. निवृत्तीनंतर मी मालवणजवळ गावी राहतो. त्यामुळे रडार किंवा शस्त्रे यांबद्दल मी जे सांगेन ते ती उपकरणे विमानात बसवणाऱ्याच्या बाजूने सांगेन, चालवणाऱ्याच्या बाजूने नव्हे. माझे मत आधीच मांडतो: जुने सागरी गस्ती विमान आणखी पंधरा-वीस वर्षे उत्तम काम देऊ शकते. मात्र ते देईल की नाही, हे नव्या रडारवरून ठरत नाही. पंख जेथे धडाला जोडलेला असतो तेथील धातूची स्थिती, केबिनच्या जमिनीच्या पत्र्याखालचा गंज आणि भिंतींमागून गेलेल्या तारा यांवरून ते ठरते. या तीन गोष्टी उघडून पाहण्याआधी रडारची निवड करणे म्हणजे क्रम उलटा करणे होय, आणि जगात या कामात झालेल्या मोठ्या चुका बहुतेक याच उलट्या क्रमाने झालेल्या आहेत.

पहिली गोष्ट धातूच्या थकव्याची. प्रवासी विमान उडाले की तासाभराच्या आत शांत हवेत, दहा-अकरा किलोमीटर उंचीवर जाऊन सरळ रेषेत चालते. गस्ती विमानाचे काम समुद्रसपाटीपासून काही शे फुटांवर चालते, जेथे हवा सतत धक्के देते. शिवाय एखादी नौका ओळखण्यासाठी त्याला पुन्हा पुन्हा तीव्र वळणे घ्यावी लागतात. प्रत्येक धक्क्याला आणि प्रत्येक वळणाला पंख वर वाकतो, त्याच्या खालच्या पृष्ठभागावर ताण येतो आणि रिव्हेटच्या एखाद्या छिद्राच्या काठाशी केसापेक्षा बारीक तडा सुरू होतो. म्हणून गस्ती विमानाच्या बाबतीत एकूण उड्डाणतासांचा आकडा एकट्याने फारसे काही सांगत नाही. ते तास किती उंचीवर, किती वजन घेऊन आणि कोणत्या हवेत झाले, हे त्या आकड्याइतकेच महत्त्वाचे असते. जुन्या पिढीतील बहुतेक मोठी गस्ती विमाने तर मुळात प्रवासी विमानांवरून घडवलेली होती. अमेरिकेचे ओरायन इलेक्ट्रा या प्रवासी विमानावरून, रशियाचे आयएल-३८ हे आयएल-१८ वरून आणि ब्रिटनचे निमरॉड कॉमेटवरून आले. मूळ आराखडा शांत हवेसाठी होता आणि आयुष्य मात्र लाटांवर गेले.

याचा परिणाम डिसेंबर २००७ मध्ये स्पष्ट दिसला. अमेरिकी नौदलाला आपली ३९ ओरायन विमाने एकाच वेळी उड्डाणातून काढावी लागली, कारण विश्लेषणात पंखाच्या खालच्या भागातील थकवा सुरक्षित मर्यादेपलीकडे गेल्याचे दिसले. त्या विमानांतील उपकरणे उत्तम होती, पण त्यांना उचलणारा पंख संपत आला होता. कॅनडाने याच जातीच्या आपल्या ऑरोरा विमानांपैकी १४ निवडली आणि त्यांत नवी उपकरणे बसवण्याबरोबरच बाहेरचे पंख, मधल्या पंखाचा खालचा भाग आणि शेपटीचा आडवा पंख नवा घडवून जोडला. मला हा मार्ग प्रामाणिक वाटतो. उपकरणांचे आयुष्य आणि सांगाड्याचे आयुष्य एकाच वेळी मोजून ती दोन्ही सारखी केली, तरच खर्चाला अर्थ राहतो. सांगाडा आठ वर्षांत संपणार असेल तर त्यात वीस वर्षे टिकणारी यंत्रणा बसवू नये.

दुसरी गोष्ट आपल्या किनाऱ्याची, आणि येथे मी थोडा रेंगाळणार आहे. मे महिना सरत आला की कोकणात होड्या ओढून वर घेतात, झावळ्यांनी शाकारतात आणि तळाच्या फळ्या एकेक करून तपासतात. विमानाला ही सुट्टी नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत पाणी, त्या पाण्यात मीठ आणि हँगरच्या बाहेर उभ्या विमानावर ते रात्रंदिवस बसणार, ही दाबोळीची स्थिती आहे. कमी उंचीवरून उडून आलेल्या विमानावर मिठाचा थर हाताला लागतो. म्हणून प्रत्येक अशा उड्डाणानंतर ते गोड्या पाण्याने धुतात. परंतु धुण्याने बाहेरचे मीठ जाते, आतले जात नाही. चाकांच्या खोबणी, बॅटरीची जागा, दाराच्या उंबरठ्याखालचा भाग, स्वच्छतागृहाखालचा पत्रा आणि धडाचा अगदी तळ, जेथे सगळे पाणी उतरून येते, या गंजाच्या ठरलेल्या जागा आहेत.

विमानातील ॲल्युमिनियमचा गंज लोखंडासारखा तांबडा दिसत नाही. तो पांढऱ्या भुकटीच्या रूपात येतो. काही मिश्रधातूंत तर तो वरून दिसतच नाही, कारण तो पत्र्याच्या जाडीत शिरून थरांना एकमेकांपासून सोडवतो. एका विमानात नवे कन्सोल, म्हणजे उपकरणे चालवण्याचे पडदे-बटणांचे टेबल, बसवायचे म्हणून आम्ही जुने काढले आणि जमिनीचा पत्रा उचलला, तेव्हा खालच्या आडव्या पट्टीचे पापुद्रे बोटांनी सुटत होते. पाणी बाहेर जाण्यासाठी तळाला जे बारीक छिद्र असते, ते मागच्या एका मोठ्या दुरुस्तीत कोणीतरी सांधे बुजवणारे सीलंट लावताना बुजवून टाकले होते. त्या दुरुस्तीच्या कागदांवर सगळ्या सह्या व्यवस्थित होत्या. एका बुजलेल्या छिद्रामुळे ते विमान आणखी कित्येक महिने जमिनीवर राहिले, आणि कन्सोलचे पेटारे तोवर न उघडता पडून होते. त्या दिवसापासून मी हाताखालच्या प्रत्येक मुलाला आरसा आणि टॉर्च घेऊन आधी पाण्याच्या वाटा मोजायला लावत असे.

त्यामुळे आधुनिकीकरणाचा खरा आरंभ विमान पूर्ण उघडण्यापासून होतो. रंग उतरवतात, आतली सजावट काढतात, पंखाच्या जोडाचे मुख्य बोल्ट एकेक करून बाहेर घेतात आणि त्यांची छिद्रे एडी करंटने, म्हणजे धातूत बारीक विद्युतप्रवाह निर्माण करून तडे शोधण्याच्या पद्धतीने, तपासतात. जाड भागांवर अल्ट्रासाउंड फिरवतात. शक्य असेल तर ताफ्यातील सर्वांत जास्त उडालेले एक विमान पूर्ण सुटे करून त्याचा तुकडा न् तुकडा पाहतात, म्हणजे बाकीच्यांत काय शोधायचे ते कळते. या टप्प्यावर जे सापडते त्याचा अंदाज कराराच्या वेळी कोणालाच अचूक देता येत नाही, म्हणून वेळ आणि पैसा यांची राखीव तरतूद येथेच हवी. माझ्या पाहण्यात वेळापत्रके कोलमडतात ती नवी उपकरणे उशिरा आल्याने जितकी, त्याहून अधिक या उघडण्यात निघालेल्या कामाने.

प्रत्येक जुने विमान वेगळे असते, हेही येथे सांगितले पाहिजे. ब्रिटनने १९९६ मध्ये आपल्या जुन्या निमरॉडची धडे ठेवून त्यांना नवे पंख, नवी इंजिने आणि नवी यंत्रणा जोडण्याचा निर्णय घेतला. संख्या ठरली होती २१. नवे पंख संगणकावर अचूक आखून तयार झाले, परंतु १९६० च्या दशकात हातांनी घडवलेली धडे एकमेकांशी मापाला जुळत नव्हती. एका धडावर बसणारा पंख दुसऱ्यावर बसेना. खर्च वाढत गेला, संख्या नऊवर आली आणि २०१० मध्ये संपूर्ण प्रकल्प रद्द झाला आणि पुढे तयार विमानेही कापून टाकण्यात आली. नवे पंख आखण्याआधी प्रत्येक धडाचे माप घेतले असते, तर हा प्रश्न पहिल्या वर्षीच समोर आला असता.

याच निमरॉड जातीची दुसरी घटना मला याहून अधिक महत्त्वाची वाटते. तुम्ही यंत्र अभियांत्रिकी शिकत आहात म्हणून ती तुम्हाला नीट ठाऊक असावी. २ सप्टेंबर २००६ रोजी अफगाणिस्तानवर उडत असताना एक्सव्ही २३० या निमरॉडला हवेत आग लागली आणि आतील सर्व १४ जण गेले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॅडन-केव्ह चौकशी अहवालाने कारण शोधताना चाळीस वर्षे मागे जाऊन पाहिले. इंजिनांतून येणारी उष्ण हवा नेणारी एक नळी मूळ आराखड्यात होती. १९७९ च्या सुमारास, विमानाच्या आधुनिकीकरणात, अतिरिक्त थंडाव्यासाठी आणखी एक उष्ण नळी जोडली गेली. पुढे १९८९ च्या सुमारास हवेत इंधन भरण्याची कायमची सोय झाली. प्रत्येक बदल त्या त्या वेळी आवश्यक होता, पण या सगळ्यांमुळे इंधन आणि उष्ण नळी एकाच कोपऱ्यात शेजारी आली, हे एकत्रितपणे कोणी तपासले नाही. पुढे सुरक्षिततेचा जो कागदोपत्री आढावा घेतला गेला, त्याच्या मुळाशी इतकी वर्षे उडालेले विमान सुरक्षितच असणार हे गृहीत होते. आधुनिकीकरण म्हणजे जुन्या आराखड्यात नवी शेजारीण आणून बसवणे आहे, आणि प्रत्येक वेळी नवी वस्तू कोणाच्या शेजारी आली हे विचारावे लागते. नकाशावरून ते कळत नाही. त्या कप्प्यात डोके घालून पाहावे लागते.

तारांचे प्रकरण त्यातलेच. तीस वर्षांत विमानात अनेक उपकरणे येतात आणि जातात. जाताना उपकरण काढतात, पण त्याच्या तारा गठ्ठ्यातून ओढून काढणे जिकिरीचे असते म्हणून त्या टोके बांधून तशाच सोडतात. मग त्या मेलेल्या तारांचे वजन विमान वर्षानुवर्षे वाहत राहते, आणि आवरण ठिसूळ झाले की त्यांच्यामुळे शेजारच्या जिवंत तारांनाही धोका होतो. माझा आग्रह असा की मोठ्या आधुनिकीकरणात जुनी वायरिंग शक्य तितकी पूर्ण बदलावी, आणि या कामाला करारात वेगळे पैसे व वेगळा वेळ द्यावा. हे काम बाहेरून दिसत नाही, त्याची छायाचित्रे कोणी छापत नाही, आणि म्हणूनच काटकसर करायची वेळ आली की पहिली कात्री यालाच लागते.

नव्या उपकरणांना वीज आणि थंडावा लागतो, हे सर्वांना माहीत असते, तरी त्याचा हिशोब उशिरा होतो. मे महिन्यात दुपारी दाबोळीच्या धावपट्टीजवळ उभ्या असलेल्या विमानाच्या आत माणसालाही बसवत नाही, तेथे संगणकांची कपाटे चालू करून उड्डाणापूर्वीची तपासणी करायची असते. थंड देशात तयार झालेल्या यंत्रणेची परीक्षा त्यामुळे येथेच, या दिवसांत व्हायला हवी. याशिवाय नव्या अँटेनाने विमानाचा तोल किती सरकला आणि रडारच्या लहरींनी जुन्या इंधनमापकाचा काटा हलतो का, हेही उड्डाणाआधी पाहावे लागते.

आता रडार आणि कॅमेऱ्याविषयी. ही साधने बदलणे अनिवार्य आहे, कारण समुद्रावर शोधायची वस्तू बदलली आहे. पूर्वी मोठे जहाज आणि पाणबुडी यांच्यावर लक्ष असे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यासाठी माणसे आली ती ‘कुबेर’ नावाच्या साध्या मासेमारी नौकेतून आणि पुढे रबरी होडीतून. १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठली की आपल्या किनाऱ्यावर हजारो नौका एकाच वेळी पाण्यात उतरतात, त्यांतल्या पुष्कळ फायबरच्या असतात, आणि फायबर रडारच्या लहरी धातूइतक्या परत पाठवत नाही. त्यातून समुद्र खवळलेला असला तर प्रत्येक लाटेचा प्रतिध्वनी पडद्यावर ठिपका होऊन उमटतो. जुन्या रडारवर बसलेल्या माणसाला लाट कोणती आणि होडी कोणती हे अनुभवाने ओळखावे लागत असे. नवे रडार एकाच जागेकडे वारंवार पाहून लाटांचे ठिपके गाळते, हलणाऱ्या जहाजाची आकृती काढून दाखवते आणि जहाजांकडून येणाऱ्या ओळख-संदेशाशी ती ताडून पाहते. त्यामुळे जे जहाज आपले नाव एक सांगते आणि आकृती दुसरीच दाखवते, ते लगेच वेगळे काढता येते.

या यंत्रणेच्या खरेदीत मी एका गोष्टीवर कधीही तडजोड करणार नाही, ती म्हणजे सॉफ्टवेअर बदलण्याचा अधिकार. नव्या जातीचे जहाज किंवा नवा रडार-संकेत यादीत भरायचा असेल आणि त्यासाठी प्रत्येक वेळी परदेशी कंपनीकडे जावे लागत असेल, तर ते विमान पहिल्या दिवसापासून जुने होऊ लागते. विमानाचा सांगाडा एकदा नीट केला की पंधरा वर्षे चालतो, संगणक मात्र त्या काळात दोन-तीनदा बदलावा लागतो. तो बदल कपाट सरकवण्याइतका सोपा राहील अशी रचना आरंभीच करून घ्यावी.

आपल्या घरचे उदाहरण आयएल-३८ चे आहे. ही विमाने १९७७ पासून दाबोळीला येऊ लागली. पुढे त्यांना रशियात ‘सी ड्रॅगन’ ही नवी शोधयंत्रणा बसवण्याचे ठरले. १ ऑक्टोबर २००२ रोजी, त्यांच्या स्क्वाड्रनच्या, म्हणजे विमानतुकडीच्या, रौप्यमहोत्सवी उड्डाणात, दोन विमानांची गोव्यावर टक्कर झाली आणि दोन्ही विमानांतील बारा जण तसेच जमिनीवरील काही माणसे मृत्युमुखी पडली. त्या दिवशी तळावर जी शांतता होती ती मी विसरलेलो नाही. पाच विमानांच्या ताफ्यातील दोन एका क्षणात गेली, रशियाकडून बदली दोन घ्यावी लागली, आणि मग आधुनिक झालेली विमाने २००६ पासून परत येऊ लागली. लहान ताफ्याचे दुखणे येथे कळते. एक विमान परदेशात कामासाठी गेले की राहिलेल्या विमानांवर सगळ्या गस्तीचा भार येतो आणि त्यांचे तास दुप्पट वेगाने संपतात. शिवाय आराखडा, चाचण्या आणि कागदपत्रे यांचा खर्च पाच विमानांसाठी जवळपास तितकाच होतो जितका पन्नासांसाठी.

पुरवठ्याचीही अडचण होती. सोव्हिएत संघ फुटल्यावर या विमानाचे आराखडे रशियाकडे राहिले आणि त्याच्या एआय-२० इंजिनाचे मूळ घर युक्रेनमध्ये गेले. अशा विमानाच्या आधुनिकीकरणात प्रत्येक सुट्या भागाचा कारखाना आज कोणत्या देशात आहे, तो पुढील वीस वर्षे चालू राहील का, आणि न राहिल्यास तो भाग आपल्याकडे घडवता येईल का, ही यादी करणे अटळ असते. तरीही या विमानांनी ३१ ऑक्टोबर २०२३ पर्यंत सेवा दिली. ती सेवा वाया गेली असे मी कधीच म्हणणार नाही, कारण अमेरिकी बनावटीची नवी पी-८आय गस्ती विमाने २०१३ पासून येऊ लागली असली, तरी गोव्यात त्यांचे स्क्वाड्रन उभे राहायला २०२२ उजाडले. मधल्या वर्षांत पश्चिम समुद्रावर नजर ठेवण्याचे काम जुन्या पंखांनीच केले.

आता तुमचा पैशांचा प्रश्न. २,८९० कोटींना २५ ने भागले तर एका डॉर्नियरच्या वाट्याला, संबंधित साहित्यासह, सुमारे ११६ कोटी येतात. जुलै २०२३ मध्ये तटरक्षक दलासाठी दोन सुधारित नव्या डॉर्नियरचा करार झाला तो, देखभालीच्या साहाय्यासह, ४५८.८७ कोटींचा होता, म्हणजे एकाला जवळजवळ २२९ कोटी. दोन्ही करारांतील वस्तू अगदी सारख्या नाहीत, तरी प्रमाण निम्म्याच्या आसपास दिसते. माझ्या मते निम्म्या खर्चात मूळ आयुष्याच्या निम्म्याहून अधिक सेवा मिळत असेल तर व्यवहार चांगला. डॉर्नियरच्या बाजूने आणखी काही गोष्टी आहेत. हे विमान कानपूरलाच बनते, त्यामुळे आराखडे, साचे आणि हात आपले आहेत. त्याच्या केबिनमध्ये हवेचा दाब वाढवत नाहीत, त्यामुळे प्रत्येक उड्डाणात धड फुगण्या-आकसण्याचा थकवा त्याला नाही. आणि २५ हा आकडा आराखड्याचा खर्च वाटून घ्यायला पुरेसा आहे. या कामाची मुदत साडेसहा वर्षांची आहे, म्हणजे विमाने आळीपाळीने जातील आणि गस्तीत मोठा खंड पडणार नाही. हेच विमान परदेशी बनावटीचे आणि संख्येने चार असते, तर मी नवे घ्या असे सांगितले असते.

राहिला वडिलांचा प्रश्न. विमान दुसऱ्यांदा वळून खाली येते, कारण पहिल्या फेरीत रडारवर फक्त ठिपका दिसतो आणि ती नौका कोणाची आहे हे नोंदणी क्रमांक वाचल्याशिवाय निश्चित होत नाही. जुन्या साधनांनी हा क्रमांक वाचायला जवळ यावे लागते. नवा कॅमेरा तोच क्रमांक बऱ्याच दुरून आणि वरून वाचू शकतो, रात्री नौकेच्या इंजिनाची उष्णताही पाहू शकतो. म्हणजे आधुनिक झालेले डॉर्नियर पूर्वीइतके वारंवार खाली उतरणार नाही, खालच्या खवळलेल्या हवेतील धक्के त्याला कमी बसतील आणि पंखाच्या मुळाशी साचणारा थकवा मंदावेल. सांगाड्याच्या हिशोबात ही बचत आम्ही पूर्वी धरत नसू. आता ती धरायला हवी, आणि त्यासाठी प्रत्येक विमानात पंखावरील ताण नोंदवणारी उपकरणे याच कामात बसवून घ्यावीत, म्हणजे पुढच्या तपासणीला कोणते विमान आधी उघडायचे ते सरासरीवरून न ठरता त्या विमानाच्या स्वतःच्या नोंदींवरून ठरेल.